डॉनेलीचा उतार

नद्या मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. जलखात्याच्या रंगवलेल्या पट्ट्या काठाशी रोवायच्या, पूर आला की तारेवरच्या पाळण्यात बसून नदीच्या मधोमध लोंबकळायचं आणि पाण्याचा वेग टिपून आणायचा. माझा नवरा लिंडसे पोरांना सुतारकाम शिकवायचा. तो चारचौघांत सांगे, "नायरीचं पहिलं लग्न नदीशी झालंय. मी दुसरेपणाचा." हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून मला कोणी पाण्याला बुजणारी किंवा भुताखेतांची हौस असणारी बाई समजू नये.

दर फेब्रुवारीत आम्ही आठवडाभराची एखादी वाट चालायचो. शहाऐंशी साली पूर्वेकडून खिंड ओलांडायची आणि डॉनेलीच्या खोऱ्यानं पश्चिम किनाऱ्याकडे उतरायचं असं ठरलं. पाठीवर ओट्स, सलामीचं सुकं मांस, दुधाची भुकटी, माझ्या आईनं दिलेला विटेसारखा जड फळांचा केक आणि भाड्यानं घेतलेला, बोलताही येणारा रेडिओ. निघण्याआधी दोघांनी एकाच दुकानातून एकाच निळ्या रंगाचे पावसाळी कोट घेतले. "बँडवाले दिसतोय आपण," लिंडसे आरशात बघून म्हणाला. पहिला दिवस चढणीत गेला. बीच झाडांच्या रानात ऊन होतं, चावऱ्या माश्या होत्या, आणि त्याच्या शिट्टीत सूर तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी खिंडीपलीकडे पाऊस लागला. दुपारी डॉनेलीला मिळणारा एक ओढा आडवा आला. ओढा म्हणजे मांडीभर पाणी, पण गढूळ आणि ओढीचं. काठावर एक माणूस पाठमोरा उभा होता. कोटाचं टोपडं डोक्यावर ओढलेलं, पाठीवर जुनी कॅनव्हासची पिशवी.

आमच्याकडे डोंगराला कोणी फारसं भीत नाही. भितात ते नदीला. नदी एकट्यानं उतरायची नाही हे पोरांना चालता येण्याआधी शिकवतात. खांद्याला खांदा लावून रांग करायची. आपला हात शेजाऱ्याच्या पाठीमागून, पिशवीखालून घालून त्याचा पट्टा मुठीत धरायचा, त्याचा हात तसाच आपल्या पाठीमागून येतो. सगळ्यांत दणकट माणूस प्रवाहाच्या वरच्या अंगाला, आणि पावलाचा इशारा त्यानंच द्यायचा. नजर समोरच्या काठावर. पाण्याकडे पाहिलं तर गरगरतं, शेजाऱ्याकडे पाहिलं तर पाय चुकतो. म्हणून उताराशी, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, कोणी एकटा थांबलेला दिसला की त्याला रांगेत घ्यायचं, नावगाव विचारत बसायचं नाही. नदीशी थांबणारा माणूस सोबतीसाठीच थांबलेला असतो.

"चला दोस्ता, तिघं झालो, बरं झालं," लिंडसे म्हणाला. तो माणूस न बोलता त्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला आणि त्यानं कोपर पुढं केलं. आम्ही ओढा उतरलो. पलीकडे गेल्यावर तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. आम्ही हात करून पुढं निघालो.

थोडं चालल्यावर लिंडसे म्हणाला, "हात बर्फासारखा होता गं त्याचा. कोटातून लागत होता."

"पाऊस आहे. तुझा काय भाकरी भाजायचा तवा आहे?"

"ते नाही. आपण उतरायच्या आधीच तो छातीपर्यंत भिजलेला होता. पाणी मांडीएवढं."

"पडला असेल आधी," मी म्हणाले. "तोंड पाहिलंस का?"

"नाही बुवा. मी काठाकडे बघत होतो. तू?"

मीही काठाकडेच बघत होते.

संध्याकाळी डॉनेलीच्या काठच्या वरच्या निवाऱ्यात पोचलो. लाकडी फळ्यांची एक खोली, चार बाकं, एक चूल. तो माणूस काही आला नाही. मी झाडाझाडांमधून रेडिओची तार ताणली. रोज संध्याकाळी ख्राइस्टचर्चहून नोएलीन नावाची बाई डोंगरातल्या सगळ्या तुकड्यांना एकामागून एक हाक मारायची: कुठं आहात, किती जण, कसे आहात. मग हवामान सांगायची. एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं, त्यामुळे चावडीच ती.

मी त्या एकट्या माणसाबद्दल विचारलं.

"तुमच्या खोऱ्यात दुसरं कोणी नाही गं पोरी," नोएलीन म्हणाली. "खाली घळीच्या तोंडाशी केल्विन आणि त्याचा भाऊ हरणं मारायला बसलेत, जेटबोट घेऊन. बस."

लगेच केल्विनचा आवाज घुसला. "आम्ही नाही हो बाई. आम्ही आठवडाभर आंघोळ केलेली नाही. आमच्या काखेत कोण हात घालणार?"

लिंडसे हसला. हसताना त्यानं पोटाशी हात धरला, तेव्हा मला वाटलं, सलामी बाधली.

सकाळी त्याला उठता येईना. दुखणं बेंबीशी सुरू झालं आणि दुपारपर्यंत उजवीकडे खाली सरकलं. अंग तापलं. बाहेर पाऊस पन्हाळीसारखा पडत होता. डॉक्टर नसले तरी हे सलामीचं दुखणं नव्हे, एवढं मला कळत होतं. संध्याकाळी नोएलीननं एका डॉक्टरला फोनवर घेतलं आणि त्याचं बोलणं मला सांगितलं: अपेंडिक्स आहे, पाण्याखेरीज काही देऊ नका, हलवता येईल तितक्या लवकर हलवा. ढग जमिनीला टेकले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. केल्विन म्हणाला, "उजाडलं की घळीतून बोट वर घालून बघतो." रस्त्याकडून डॉक्टर आणि सुटकेची माणसं उजाडल्यावर पायी निघणार होती, त्यांना खालच्या निवाऱ्यापर्यंत यायला दोन रात्री लागणार होत्या. खालचा निवारा डॉनेलीच्या पलीकडच्या काठाला. पूर असला तर ती माणसं तिथं येऊन आमच्याकडे नुसती बघत बसणार. मी नदीकडे बघितलं. जन्मभर मोजलेलं पाणी ते, पण तेव्हा त्याच्या पलीकडे माझ्या नवऱ्याचा जीव होता.

चौथ्या दिवशी केल्विनची बोट आली नाही. संध्याकाळी कळलं, घळीत ओंडके वाहत होते, तो अर्ध्यातून परतला. दिवसभर मी ओला टॉवेल पिळून लिंडसेच्या कपाळावर ठेवत होते आणि मधूनमधून काठाशी जाऊन, पाण्याच्या कडेला मी खूण म्हणून ठेवलेला दगड बुडाला की उघडा पडला ते बघत होते. बुडालेलाच होता.

दुपारी खिडकीतून मला उताराशी माणूस दिसला. आमच्याच काठाला, गुडघाभर पाण्यात, पाठमोरा. एक कोपर बाजूला काढलेलं, रांगेत उभं राहताना काढतात तसं. सोबतीची वाट बघत.

मला इतकं हायसं वाटलं की मी बूटही न घालता धावले. आणखी एक धडधाकट माणूस मिळाला, तर लिंडसेला मध्ये घेऊन उद्या पलीकडे नेता येईल. मी ओरडत गेले. जाईपर्यंत तिथं कोणी नव्हतं. गोटे, पाणी आणि एक काळा ओंडका. ओंडक्यालाच माणूस समजले, असं मी स्वतःला बजावलं. झोप नसली की असं होतं.

परत आले तर लिंडसेनं डोळे न उघडता विचारलं, "आला का तो?"

"कोण?"

"तिसरा. तिघं असलं की सोपं जातं ना."

"गप पड तू. ताप चढलाय तुला."

"नायरी, तो माझ्याच बाजूला उभा राहतो," लिंडसे म्हणाला. मी चुलीत लाकडं सारत बसले. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी तो उठून बसला. "थांबलं गं," म्हणाला. "एकदम थांबलं. काही दुखत नाही." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. अपेंडिक्सचं दुखणं असं अचानक थांबलं तर समजा फुटलं, हे डॉक्टरनं आदल्या संध्याकाळी बजावून सांगितलं होतं.

पाऊस उघडला होता, ढग मात्र खाली टेकलेलेच होते. मी काठाशी गेले. दगड उघडा पडला होता, पण जेमतेम. नोकरीवर असते तर अशा पाण्यात मी कोणालाही उतरू दिलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार तो पलीकडच्या काठाला, आणि आभाळ पुन्हा काळवंडत होतं. इथं थांबलं तर मरण नक्की, उतरलं तर निदान शंका होती. मी रेडिओ प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत तळाला कोंबला. लिंडसेची पिशवी रिकामी करून त्याच्या पाठीवर चढवली, पट्टा धरायला हवा म्हणून.

"सोडू नकोस मला," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? बँड फुटेल आपला."

मी वरच्या अंगाला उभी राहिले, तो खालच्या. हात गुंफले. नजर समोरच्या काठावरच्या एका पांढऱ्या दगडावर लावली आणि पाऊल टाकलं.

गुडघे. मांड्या. कंबर. गोटे पायाखाली घरंगळत होते. मी "आता" म्हटलं की आम्ही एक पाऊल टाकायचो. लिंडसेचं सगळं वजन माझ्या हातावर आलं होतं. तो हुंदक्यासारखा श्वास घेत होता.

मधोमध पाणी छातीला लागलं. तिथं त्याचा हात सैल पडला. माझ्या पाठीवरची मूठ सुटली. क्षणभर माझ्या बाजूला कोणीच नव्हतं.

"लिंडसे!" मी ओरडले. बघितलं मात्र नाही. बघायचं नसतं.

आणि मूठ पुन्हा आली. पट्टा घट्ट धरला गेला, आधीपेक्षा घट्ट. माझ्या हाताखालची पाठ ताठ झाली. वजन माझ्यावरून उतरलं. उलट तोच आता मला ओढत होता. पाय सापडले त्याचे, देवा, सापडले, एवढंच माझ्या मनात होतं. मी "आता" म्हणायच्या आधीच तो पाऊल टाकत होता.

काठावर चढल्यावर मी हमसून रडले. तो उभा होता, मान खाली, टोपड्यातून पाणी गळत होतं. "चल," मी म्हणाले, "थोडंच आहे." तो माझ्या पिशवीचा पट्टा धरून मागून चालू लागला. मी सगळी वाट बडबडत होते. घरी गेल्यावर छप्पर दुरुस्त करू, तुझ्या बहिणीला बोलावू, असलं काहीही. तो एका शब्दानं बोलला नाही. पण पायाला ठेच नाही की धाप नाही.

खालच्या निवाऱ्यात मी त्याला बाकावर बसवलं, ओला कोट काढला, चूल पेटवली. चेहरा लिंडसेचाच होता. हे मी शपथेवर सांगते. भुवईवरचा पटाशीचा व्रणसुद्धा. मी त्याच्या पोटावर हात ठेवून दाबलं. पोट मऊ होतं, तो कळवळला नाही. ताप उतरला होता. इतका उतरला होता की माझीच बोटं गारठली. "बरा झालास की रे," मी म्हणाले. मी त्याचा गाल कुरवाळला. गाल गुळगुळीत होता, नुकती दाढी केल्यासारखा. पाच दिवसांचे खुंट मी सकाळीच हातानं पुसले होते. ते मला तेव्हा जाणवलं आणि मी तो विचार बाजूला सारला. जिला नवऱ्याचा जीव परत मिळालाय ती बाई गालाचे खुंट मोजत बसत नाही. मी चहा केला. त्यानं पेला हातात धरला, प्यायला नाही. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्याच्यावर स्लीपिंग बॅग घातली आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसले. ती वरखाली होत होती की नाही, हे त्या अंधूक खोलीत नीट कळत नव्हतं.

संध्याकाळी तार ताणून तिचं टोक खिडकीतून आत घेतलं. बाहेर अजून उजेड होता. मी त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी बसले. नोएलीनच्या हाकेची वाटही पाहवत नव्हती. तिनं आमचं नाव घेताच बटण दाबलं.

"उतरलो आम्ही, नोएलीन! दोघंही. खालच्या निवाऱ्यात आहोत. त्याचा ताप गेला."

पलीकडून खरखर तेवढी.

"पोरी," नोएलीन सावकाश म्हणाली, "आधी केल्विनचं ऐकून घे. बसली आहेस ना?"

केल्विनच्या आवाजात या खेपेला थट्टा नव्हती. "बाई, तासाभरापूर्वी तुमचा नवरा सापडला आम्हाला. आमच्या तळापासून जरा वर ओंडक्यांचा ढीग अडकलाय, त्यावर पडला होता. जिवंत आहे. आत्ता शुद्धीवर आलाय. निळा कोट, भुवईवर व्रण. लिंडसे नाव सांगतो."

मी रेडिओचा आवाज वाढवला.

"पोट लाकडासारखं झालंय, भट्टीसारखा तापलाय. सारखा तुमचंच विचारतोय. म्हणतो, मी हात सोडला नाही. पाण्यात कुणीतरी माझं एकेक बोट सोडवलं. आणि म्हणतो..." केल्विन अडखळला. "तापात आहे हो तो. म्हणतो, वाहून जाताना मी वळून बघितलं. नायरी काठावर चढत होती. तिच्या हातात हात घालून कुणीतरी चढत होतं."

माझ्या मागे बाक करकरलं.

मी वळले नाही. टेबलाची कडा गच्च धरून बसले.

नोएलीन भराभर बोलू लागली. "नायरी, नीट ऐक. डॉक्टर म्हणतात, त्याला आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं, सकाळपर्यंत तो टिकणार नाही. पाणी उतरलंय, केल्विन बोट काढू शकतो. पण उजेड एकाच फेरीपुरता आहे. तू भिजलेली, धक्का बसलेली, आणि सुटकेची माणसं पोचायला उद्याची सकाळ होणार. केल्विनचं म्हणणं आहे, आधी वर येऊन तुला घ्यावं."

"बाईमाणसाला अशा हालतीत एकटं टाकून मी जाणार नाही," केल्विन म्हणाला. "आमच्याकडे असं करत नाहीत."

"तू एकटी आहेस का, पोरी? खरं सांग. तू मघाशी दोघं म्हणालीस."

बोट वर आली तर लिंडसे मरणार. गेली तर मी या खोलीत. जगात मला त्या एका माणसाखेरीज कोणी नव्हतं आणि तो घळीच्या तोंडाशी तापात तडफडत होता. माझ्या मागे जमिनीवर ओलं पाऊल पडलं. मग दुसरं. मी बटण दाबलं.

"एकटी नाही मी," मी म्हणाले. "माझ्यासोबत एकजण आहे. केल्विन, लिंडसेला घेऊन जा. निघ."

"कोण आहे?" नोएलीननं विचारलं. ती हुशार बाई होती. "नवऱ्यासाठी खोटं बोलत असशील तर मला कळतं हो. सोबतच्या माणसाचा आवाज ऐकव मला. नाहीतर केल्विन वर येतोय."

माझा अंगठा बटणावरून निसटला.

खांद्यावरून एक हात पुढं आला. गार, ओला, नखं पांढरी पडलेली. त्यानं माझ्या हातावर हात ठेवून बटण दाबलं.

"दोघं आहोत आम्ही," माझ्या कानाशी लिंडसेचा आवाज म्हणाला. "आमची काळजी करू नका. निघा तुम्ही."

"बरं झालं बाबा," केल्विन म्हणाला. "निघतो." त्याच्या आवाजामागे, लांबून, कोणीतरी "नाही, नाही, नाही" म्हणून ओरडत होतं. मग त्याचा रेडिओ बंद झाला.

थोडी खरखर झाली.

"ऐकलं," नोएलीन म्हणाली. "खालचा निवारा, दोन जण, सुखरूप." आणि तिनं पुढच्या तुकडीला हाक मारली.